रक्तगटाचे प्रतिजन पेशीपासून वेगळे करताना

रक्तगटाचा प्रतिजन म्हणजे तांबड्या पेशीच्या आवरणावरचा साखरेचा किंवा प्रथिनाचा लहानसा भाग. ज्याच्या रक्तात तो नसतो त्याचे शरीर त्याला परका मानते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करू शकते. आंतरराष्ट्रीय यादीत आज ४५ हून अधिक रक्तगट प्रणाली आणि ३५० हून अधिक प्रतिजन आहेत. रक्तपेढीच्या रोजच्या कामात मात्र यांतला जवळजवळ कोणताही प्रतिजन सुटा हाताळला जात नाही. रुग्णाच्या रक्तद्रवात कोणते प्रतिपिंड आहेत हे पाहायचे, तर ज्यांचे गट तपशीलवार ठाऊक आहेत अशा दात्यांच्या अख्ख्या पेशी त्यात मिसळतात आणि पेशींचे पुंजके बनतात का ते बघतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ए, बी, ओ गट वेगळे दाखवले तेही याच रीतीने. अख्ख्या पेशीच्या जागी शुद्ध केलेला किंवा प्रयोगशाळेत घडवलेला प्रतिजन ठेवता येईल का, या प्रश्नावर आज बरेच काम झाले आहे. उत्तर प्रत्येक प्रतिजनागणिक वेगळे निघते.

प्रश्नाची निकड

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वात ठळकपणे जाणवतो तो पूर्व विदर्भात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा पट्टा. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने २०४७ चे लक्ष्य ठेवले असून १७ राज्यांतील सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी योजली आहे. महाराष्ट्र त्या राज्यांत आहे.

सिकलसेलच्या काही रुग्णांना आयुष्यात अनेकदा रक्त चढवावे लागते. दर पिशवीबरोबर परक्या प्रतिजनांची नवी जोडणी शरीरात येते. ए-बी-ओ आणि आरएच डी जुळवून दिले तरी बिग सी, स्मॉल सी, बिग ई, केल, डफी, किड हे बाकीचे प्रतिजन सहसा जुळवलेले नसतात. काही रुग्णांत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात, कधी एकाच वेळी दोन-तीन. पुढच्या वेळी क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव आणि दात्याच्या पेशी यांचा मेळ, जुळेनासा होतो. जुळला तरी धोका टळतोच असे नाही. किड प्रणालीचे प्रतिपिंड काही महिन्यांत इतके ओसरतात की चाचणीत दिसत नाहीत, आणि तो प्रतिजन असलेले रक्त पुन्हा चढवताच काही दिवसांत उसळून दात्याच्या पेशी फोडतात.

अशा रुग्णाच्या प्रतिपिंडांची ओळख पटवायला पेशींचे पॅनेल लागते. पडताळणीसाठी सहसा तीन दात्यांच्या पेशी, नेमकी ओळख पटवण्यासाठी अकरा किंवा त्याहून जास्त. या पेशी जिवंत दात्यांकडून येतात, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात आणि काही आठवड्यांत मुदतबाह्य होतात. भारतात वापरली जाणारी पॅनेल बहुतांशी आयात केलेली असतात. वाहतुकीत आणि सीमाशुल्काच्या सोपस्कारांत गेलेले दिवस त्याच मुदतीतून वजा होतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकणाऱ्या विदर्भात शीतसाखळी टिकवणे हे वेगळेच काम. गुंता सुटला नाही तर नमुना नागपूरला, किंवा सुमारे ९०० किलोमीटरवरील मुंबईच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. कपाटात वर्षभर टिकेल अशी, सुटा प्रतिजन असलेली वाळवलेली भुकटी मिळाली तर काय सोय होईल हे जिल्हा पातळीवरच्या तंत्रज्ञाला समजावून सांगावे लागत नाही.

साखरेचे प्रतिजन: लवकर हाती लागलेले

प्रतिजन वेगळे काढण्याचे पहिले यश ए-बी-ओ प्रणालीत आले, आणि तेही तांबड्या पेशींतून नव्हे. पेशीच्या आवरणातून मिळणारे द्रव्य फार थोडे. पण ए, बी आणि एच ही द्रव्ये बहुसंख्य माणसांच्या लाळेत आणि शरीरातील इतर स्रावांतही विरघळलेल्या स्वरूपात असतात. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी बीजांडकोशाच्या गाठींतला द्रव वापरला. एकेका गाठीतून ग्रॅमच्या हिशेबात द्रव्य मिळत असे, जे रक्तातून कधीच मिळाले नसते.

त्यांची कसोटी साधी होती. प्रतिपिंडात एखादी साधी साखर आधी मिसळायची आणि मग पेशी घालायच्या. पुंजके बनले नाहीत तर प्रतिपिंडाची पकड त्या साखरेने आधीच अडवली, असा निष्कर्ष. या मार्गाने ए म्हणजे एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन, बी म्हणजे गॅलॅक्टोज आणि एच म्हणजे फ्यूकोज, असा उलगडा १९५० च्या दशकात झाला. त्याआधीच एर्न्स्ट विटेब्स्की यांनी वेगळी काढलेली ए आणि बी द्रव्ये ओ गटाच्या रक्तात मिसळून त्यातील प्रतिपिंड निष्प्रभ करण्याची पद्धत मांडली होती. स्वयंसेवकांना शुद्ध द्रव्य टोचून तीव्र अँटी-ए आणि अँटी-बी द्रव मिळवण्याची रीतही पुढे बरीच वर्षे चालली. एकक्लोनी प्रतिपिंड आल्यावर ती मागे पडली.

या इतिहासातले एक प्रकरण मुंबईचे आहे. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांसह ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाचे वर्णन केले. ‘बॉम्बे’ गट म्हणून तो जगभर ओळखला गेला. या व्यक्तींच्या पेशी ए आणि बी प्रतिपिंडांना दाद देत नाहीत, म्हणून साध्या चाचणीत त्या ओ गटाच्या वाटतात. पण त्यांच्या रक्तद्रवात अँटी-एच असते आणि ते ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करते. मुंबईत हा गट साधारण दहा हजारांत एकाकडे आढळतो. निबंधाच्या लेखकांत मॉर्गन आणि वॉटकिन्स होते, हा योगायोग नव्हे. बॉम्बे गटाच्या व्यक्तींच्या लाळेत ए, बी, एच यांपैकी काहीच नाही हे त्यांच्याच कसोटीने कळणार होते. एच हा ए आणि बी यांचा पाया आहे आणि तो घडवणारे विकर नसेल तर वरचा मजला चढतच नाही, ही समजूत या पुराव्याने पक्की होत गेली. एच घडवणाऱ्या जनुकाची ओळख १९९० मध्ये पटली.

कडधान्यांनीही या प्रणालीला हात दिला. कुळथाच्या बियांचा अर्क ए गटाच्या पेशींना, त्यातही ए-१ उपगटाला, निवडून धरतो हे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी भारतात काम करताना १९५१ मध्ये नोंदवले, आणि ए-१ व ए-२ वेगळे करायला आजही तो अर्क वापरला जातो.  

साखरेच्या प्रतिजनांपुरता प्रश्न असा बराचसा सुटलेला आहे. सुट्या द्रव्याने प्रतिपिंड अडवण्याची पद्धत आजही चालते: लुईस प्रतिपिंडांसाठी लाळ, पी-१ साठी हायडेटिड गाठीतला द्रव किंवा कबुतराच्या अंड्याचा पांढरा बलक, एसडी-ए साठी मूत्र. साखरेची साखळी पेशीवर असो की पाण्यात, तिचा आकार फारसा बदलत नाही, हे त्यामागचे कारण.

प्रथिनांचे प्रतिजन: जिथे अडते

सिकलसेलच्या रुग्णाला छळणारे प्रतिपिंड मात्र प्रामुख्याने प्रथिनांविरुद्ध असतात, आणि प्रथिनाची ओळख त्याच्या घडीत असते.

सोपे उदाहरण ग्लायकोफोरिन-ए चे. एम आणि एन हे प्रतिजन त्यावर असतात. एका तांबड्या पेशीवर त्याच्या सुमारे दहा लाख प्रती, आवरणातून एकदाच आरपार गेलेल्या आणि पाण्यात विरघळू शकणाऱ्या. म्हणून आवरणातील प्रथिनांपैकी ते सर्वात आधी शुद्ध झाले आणि १९७५ मध्ये त्याचा १३१ अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. एम आणि एन यांच्यातला फरक टोकाच्या पहिल्या आणि पाचव्या जागी आहे, म्हणजे अगदी बाहेर, हाताशी.

केल मधल्या पायरीवर आहे. तेही एकदाच आरपार जाते, पण बाहेरचा भाग मोठा असून गंधकाच्या जोड्यांनी गुंडाळलेला असतो. डायथायोथ्रेइटॉल या रसायनाने त्या जोड्या तुटल्या की सगळे केल प्रतिजन नाहीसे होतात. प्रयोगशाळा ही गोष्ट मुद्दाम वापरतेही: पेशींवर हे रसायन घालून प्रतिक्रिया गेली तर संशय केलकडे. पण शुद्ध करणाऱ्याला त्यातून इशारा मिळतो. घडी मोडेल अशी कोणतीही पायरी चालणार नाही.

खरी पंचाईत आरएचची. डी आणि सी-ई ही प्रथिने प्रत्येकी ४१७ अमिनो आम्लांची, आवरणातून बारा वेळा आरपार जाणारी आणि बाहेर फक्त लहान वळणे ठेवणारी. त्या वळणांचा परस्परांशी असलेला मेळ म्हणजेच प्रतिजन. आवरणातली चरबी धुऊन काढली की प्रतिपिंड त्यांना ओळखत नाहीत आणि चरबी परत दिली की ओळख काही प्रमाणात परतते, हे १९६० आणि ७० च्या दशकांतल्या प्रयोगांत दिसले होते. शिवाय एका पेशीवर डी च्या प्रती दहा ते तीस हजारच. किड दहा वेळा आरपार जाते. डफी सात वेळा, पण तिचे मुख्य प्रतिजन मोकळ्या टोकावर असल्यामुळे तिथे निदान आशा आहे.

यातून एक विचित्र क्रम लागतो. वेगळे काढायला सर्वात सोपे असलेले एम आणि एन यांचे प्रतिपिंड रुग्णाला क्वचितच इजा करतात. आरएच आणि किड यांचे प्रतिपिंड सर्वात जास्त भोवतात, आणि नेमके तेच प्रतिजन सुटे केले की ओळख हरवतात. या क्षेत्रातले बहुतेक मतभेद या एका वस्तुस्थितीभोवती फिरतात.

घडवलेले प्रतिजन

१९९० च्या दशकात रक्तगटांची जनुके एकामागून एक हाती आली: ए-बी-ओ आणि आरएच सी-ई १९९० मध्ये, केल १९९१, आरएच डी १९९२, डफी १९९३, किड १९९४. मग प्रतिजन रक्तातून काढण्याऐवजी जनुकावरून घडवण्याचा मार्ग खुला झाला. आवरणात रुतलेला भाग कापून टाकायचा आणि बाहेरचा तुकडा मानवी पेशींच्या संवर्धनात तयार करायचा, कारण जिवाणूंत घडी आणि साखरेची सजावट बरोबर होत नाही.

या मार्गाने ल्यूथरन प्रतिजनांचे विरघळणारे तुकडे तयार झाले. जर्मनीतील आक्सेल झेल्टझाम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा अनेक प्रथिनांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. वापर जुन्याच तत्त्वावर होता. जवळजवळ प्रत्येक माणसाच्या पेशीवर असलेल्या एखाद्या प्रतिजनाविरुद्ध रुग्णात प्रतिपिंड असेल तर पॅनेलमधल्या सगळ्या पेशींचे पुंजके बनतात आणि त्याखाली दडलेले दुसरे, अधिक घातक प्रतिपिंड दिसत नाहीत. घडवलेले प्रथिन आधी मिसळून पहिल्याला अडवले की दुसरे उघडे पडतात. एरवी या कामाला दुर्मीळ पेशींचा साठा लागतो, आणि तो जगातल्या मोजक्याच प्रयोगशाळांकडे असतो.

दुसरा प्रवाह पेशी टाकून देत नाही, तिच्यावर हवा तो प्रतिजन चढवतो. न्यूझीलंडच्या स्टीफन हेन्री आणि रशियाच्या निकोलाय बोविन यांनी साखरेच्या किंवा पेप्टाइडच्या तुकड्याला चरबीची शेपटी जोडली. पेशींच्या द्रावात मिसळताच ती आवरणात आपोआप रुतते. किती प्रतिजन चढवायचा हे ठरवता येत असल्यामुळे चाचण्यांची संवेदनशीलता तपासण्यासाठी अशा पेशी विशेष उपयोगी ठरल्या. घडीवर अवलंबून असलेल्या आरएचला मात्र ही युक्ती लागू पडत नाही.

तिसरा प्रवाह पेशीच नव्याने घडवतो. ब्रिस्टलमधील गटाने २०१८ मध्ये संवर्धनात वाढणाऱ्या तांबड्या पेशींच्या पूर्वजांतून क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या साहाय्याने पाच रक्तगट प्रणालींची जनुके निकामी करून दाखवली. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात मूलपेशींपासून दुर्मीळ आरएच प्रकारच्या पेशी चाचणीसाठी तयार करण्यात आल्या. इथे प्रतिजन त्याच्या नैसर्गिक जागीच राहतो. प्रश्न उत्पादनाच्या प्रमाणाचा आणि खर्चाचा उरतो.

मतांतरे

अख्ख्या पेशीचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे असे की रक्त चढवल्यावर रुग्णाचे प्रतिपिंड अख्ख्या पेशीलाच भिडतात, तेव्हा चाचणीही तिच्यावरच हवी. पेशीवर सगळे प्रतिजन एकदम असतात. ज्याची कल्पनाही नव्हती असा प्रतिपिंड तिच्यावर पकडला जातो. यादीतल्या वीस-पंचवीस सुट्या प्रतिजनांची चाचणी यादीबाहेरचे काहीच दाखवणार नाही. बॉम्बे गट सापडला तो ओ गटाच्या पेशींशी अनपेक्षित प्रतिक्रिया दिसली म्हणूनच, हे उदाहरण या बाजूला बळ देते.

सुट्या प्रतिजनाच्या बाजूने बोलणारे अवयव प्रत्यारोपणाकडे बोट दाखवतात. तिथे एचएलए या ऊतींच्या प्रतिजनांविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठी शुद्ध प्रतिजन चढवलेले मणी नित्याचे झाले आहेत. एका नळीत अनेक प्रतिजन, यंत्राने वाचन, आणि मिश्रणातला प्रत्येक प्रतिपिंड वेगळा. दात्यावर अवलंबून राहावे लागत नाही, एका बॅचपासून दुसऱ्या बॅचमध्ये फरक पडत नाही. कर्करोगावरील डॅराट्युमुमॅबसारख्या औषधांमुळे सगळ्या पेशींची प्रतिक्रिया येते, तेव्हा तर पेशींवरची चाचणी स्वतःच अडखळते.

पण त्याच एचएलए मण्यांचा अनुभव उलट बाजूनेही सांगितला जातो. मण्यावर चढवताना घडी मोडलेल्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड सापडतात, ज्यांचा जिवंत पेशीला काही उपद्रव नसतो. रक्तपेढीत असा खोटा होकार आला तर योग्य पिशवी नाकारली जाते, आणि रक्ताची चणचण असलेल्या जिल्ह्यात ही चूक लहान नव्हे.

काहींना हा सगळा वादच वळसा घालून ओलांडावासा वाटतो. रुग्ण आणि दाता दोघांचेही जनुकीय गट आधीच काढून जुळते रक्त द्यावे, म्हणजे प्रतिपिंड बनणारच नाहीत. अमेरिकेत अशा एका जनुकीय चाचणीला २०१४ मध्ये परवानगी मिळाली. प्रतिबंध म्हणून हा मार्ग उत्तम दिसतो. मात्र ज्याच्या अंगात प्रतिपिंड आधीच आहेत त्याच्याबाबत जनुक काही सांगत नाही.

भारतीय संदर्भ

आयात पॅनेल प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या दात्यांवर बेतलेले असते. भारतीयांची प्रतिजनांची वाटणी वेगळी आहे. डी नसलेले लोक इथे सुमारे पाच टक्के, युरोपात त्याच्या तिप्पट. स्मॉल सी नसलेले इथे बरेच जास्त, त्यामुळे स्मॉल सी विरुद्ध प्रतिपिंड तयार होण्याची शक्यता असलेले रुग्णही जास्त. केल इथे तुलनेने विरळ.

मुंबईतील परळ येथे १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आणि पुढे राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था झालेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) प्रयोगशाळा या बाबतीत देशाचा मुख्य आधार आहे. १९७३ मध्ये बाडकरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी भारतीय लोकांत एक नवा प्रतिजन नोंदवला. पुढे त्यावरून ‘इंडियन’ नावाची प्रणाली उभी राहिली. इन-ए हा प्रतिजन भारतीयांत साधारण तीन-चार टक्क्यांत असतो, युरोपीयांत जवळजवळ नाहीच. त्याचा जोडीदार इन-बी बहुतेकांत असल्यामुळे अँटी-इन-बी असलेल्या रुग्णासाठी रक्त शोधणे अवघड जाते. आयात पॅनेलमध्ये इन-ए असलेली पेशी असेलच याची खात्री नसते.

हे प्रतिजन सीडी-४४ या प्रथिनावर आहेत. ते एकदाच आरपार जाते आणि प्रतिजनाची जागा बाहेरच्या भागात आहे. म्हणजे भारतीय प्रयोगशाळांना ज्याची सर्वात जास्त गरज त्यांपैकी एक प्रतिजन रचनेने सुटा घडवण्याजोगा आहे. देशी दात्यांच्या पेशींचे पॅनेल की असे घडवलेले प्रथिन, यांपैकी कशाला आधी पैसा द्यावा यावर एकमत नाही. पहिला पर्याय तंत्रज्ञानाने सोपा, पण नेमाने येणारे, पूर्ण गट ठाऊक असलेले दाते हवेत. दुसऱ्यात सुरुवातीचा खर्च मोठा, नंतर दात्याची वाट पाहावी लागत नाही.

अनिर्णित मुद्दे

आरएच आणि किड यांना चरबीच्या कृत्रिम चकत्यांत बसवून त्यांची घडी टिकवता येते का, हा आज सर्वात लक्षवेधी तांत्रिक प्रश्न आहे. प्रयोगशाळेत टिकणे वेगळे आणि बाटलीत भरून महिनोन्‌महिने टिकणे वेगळे. किडच्या ओसरत्या प्रतिपिंडांना सुटा प्रतिजन अख्ख्या पेशीपेक्षा लवकर पकडेल की उशिरा, हे ठरवायला एकाच रुग्णाचे अनेक वर्षांचे नमुने लागतात. सिकलसेलचे नोंदणीकृत रुग्ण असलेले जिल्हे, म्हणजे पूर्व विदर्भच, असा अभ्यास करू शकतात. चंद्रपूर येथे आयसीएमआरचे रक्तविकार संशोधन केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले आहे, त्यामुळे नमुने दर वेळी मुंबईला धाडण्याची गरज कमी व्हावी.

दुसरा प्रश्न प्रमाणीकरणाचा. रक्तगट तपासणीच्या द्रवांची गुणवत्ता नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेत पारखली जाते. घडवलेल्या प्रतिजनाची पारख कोणत्या प्रतिपिंडाने करायची, आणि तो प्रतिपिंड एका रुग्णाचा की अनेकांचा, यावर जगातच पक्का नियम नाही. एकाच प्रतिजनाविरुद्धचे दोन रुग्णांचे प्रतिपिंड त्याच्या वेगवेगळ्या बाजू धरतात. घडवलेला तुकडा एकाला पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही.

तिसरा मुद्दा चाचणीच्या जागेचा आहे. अनियमित प्रतिपिंडांची पडताळणी प्रत्येक रक्तपेढीत होत नाही. अनेक ठिकाणी क्रॉसमॅचवरच भिस्त असते. तिथे सुटा प्रतिजन आला तरी तो वापरण्याआधी साधी तीन पेशींची पडताळणी रुळायला हवी. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी आधी कोणते पाऊल उचलावे, याबाबत अख्ख्या पेशीचे समर्थक आणि सुट्या प्रतिजनाचे पुरस्कर्ते यांच्यात फारसा मतभेद नाही: सिकलसेलच्या रुग्णाचे आरएच आणि केल गट पहिली पिशवी लावण्यापूर्वी काढून ठेवावेत, कारण दात्याच्या पेशी रक्तात मिसळल्यावर रुग्णाचे मूळ गट अशा साध्या चाचणीने पुढचे काही महिने ओळखता येत नाहीत.